काम नसले तरी तो घरी का जात नाही?



या आठवड्यात कवितेविषयी बोलायचे आहे. पण एवढ्यावरून पान उलटू नका. खताची, बियाण्याची आणि बाजारभावाची पाने पुढे आहेतच. आजची कविता एका शेतकऱ्याची आहे, आणि तिच्यातला प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या उंबऱ्यावर कधी ना कधी येऊन बसलेला असतो.

निमित्त झाले ते एका वाचक भगिनीच्या पत्राचे. त्या लिहितात, "मुलाच्या पुस्तकात विरहाची कविता आहे. तो मोठ्याने वाचत होता, तेव्हा मी भाकरी थापत होते. ऐकता ऐकता मला माझी सासरी गेलेली लेक आठवली आणि डोळे भरून आले. मुलगा हसला. म्हणाला, आई, तू चुकीचा अर्थ लावलास. हे प्रियकर प्रेयसीला म्हणतो आहे, गाईडात तसे छापले आहे. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. तर भाऊ, माझे रडणे खरेच चुकले का?"

ताई, तुमच्या पत्राला उत्तर द्यायचे तर मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. आजवर मी ती या पानावर सांगितली नव्हती. पण आधी ती कविता.

गोदावरीच्या काठचे पैठण आपण नाथांचे पैठण म्हणून ओळखतो. पण नाथांच्याही आधी चौदाशे-पंधराशे वर्षे ते सातवाहन राजांच्या राजधानीचे गाव होते. तेव्हा त्याला प्रतिष्ठान म्हणत. त्या घराण्यातल्या हाल नावाच्या राजाने लोकांत फिरणाऱ्या पुष्कळ कवितांतून सातशे निवडून एकत्र केल्या, असे परंपरा सांगते. त्या ग्रंथाला 'गाथासप्तशती' म्हणतात. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे नात्याने आपल्या मराठीची पणजीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा या ग्रंथाचे नाव पुन्हा अनेकांच्या कानांवर पडले. वेबर नावाच्या जर्मन पंडिताने १८७० आणि १८८१ साली या गाथा छापून जगापुढे आणल्या. मराठीत स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली त्या अर्थासह प्रसिद्ध केल्या. जुन्या पोथ्या ताडून पाहिल्या तर सगळ्यांत सारख्या सापडणाऱ्या गाथा सुमारे ४३० च भरतात. म्हणजे ज्याने ज्याने पोथी उतरवली, त्याने त्याने थोडे आपले घातले आणि थोडे गाळले.

या गाथा फक्त दोन-दोन ओळींच्या आहेत. पण त्यांत गावच्या मुखियाची पोर आहे, नांगऱ्या आहे, पिकलेली साळ आहे, कापसाचे शेत आहे, आणि पाऊस लागला तरी परत न आलेला नवरा आहे. राजवाड्यापेक्षा शिवारच जास्त.

त्यांतल्या दुसऱ्या शंभरात एक गाथा आहे. तिचा मजकूर एवढाच, की एका शेतकऱ्याची लाडकी बायको वारली आहे. तिच्यावाचून घर सुने झाले आहे. ते दुःख नको म्हणून, शेतात काहीच काम उरलेले नसतानाही तो वस्तीकडे जात नाही. बस्स. त्याचे नाव नाही, बायकोचे नाव नाही. तो रडतो असेही नाही. शेतकऱ्याला तिथे 'पामर' म्हटले आहे. आज आपण पामर म्हणजे बिचारा, क्षुद्र असा अर्थ घेतो. त्या काळी कुणब्याला, शेतकऱ्याला तो शब्द लावीत.

ही गाथा मी पहिल्यांदा वाचली ती कॉलेजात असताना. वय वीस. लग्न व्हायचे होते. मला ती फार गोड वाटली होती. वहीत उतरवून घेतली आणि खोलीतल्या मित्रांना वाचून दाखवली. आम्ही सगळे वा वा म्हणालो. आमच्यापैकी कुणाचेच तोवर काही हरवले नव्हते.

पुढे पंधरा-सोळा वर्षांनी, १९९८ च्या कार्तिकात, आमची आई गेली. दुखणे चार दिवसांचे. तात्या, म्हणजे आमचे वडील, तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. दिवसकार्य झाले, पाहुणे पांगले, आणि तात्या पुन्हा शेताला जाऊ लागले. आम्हाला बरे वाटले. माणूस कामाला लागला की दुःख हलके होते, असे सगळेच म्हणत होते.

पण तात्यांचे घरी येणे उशिरा उशिरा होऊ लागले. आधी दिवेलागणीला यायचे, मग जेवणवेळ उलटून, मग मुले झोपल्यावर. कधी कधी तर आखाड्यावरच मुक्काम. भाकरी पोचवायला माणूस गेला, तर ती तशीच फडक्यात बांधलेली सकाळी परत यायची. विचारले तर म्हणायचे, "काम होतं."

आता गंमत पाहा. माणूस एक, वागणे एक, आणि त्याचे अर्थ मात्र घरोघर वेगळे. माझा धाकटा भाऊ म्हणायचा, तात्यांना कामाची हाव आहे, मरेपर्यंत सुटायची नाही. शेजारपाजारचे म्हणायचे, म्हातारा सुनेला कंटाळला असेल, सासू होती तोवर झाकून राहिले, आता उघडे पडले. पाणवठ्यावर तर एकीने माझ्या बायकोला तोंडावर विचारले, "मामांना पोटभर घालता ना गं?"

माझी बायको त्या दिवशी घागर भरून आली ती चुलीपुढे बसून राहिली. सासूच्या आजारपणात तिने रात्री जागून काढल्या होत्या. सासरे वेळेवर जेवावेत म्हणून ती रोज वाट पाहायची, तवा पुन्हा पुन्हा तापवायची. आणि नाव झाले ते हे. ती मला म्हणाली, "घरात नऊ माणसं आहेत. आपण कुणीच त्यांचे नाही का?" त्यानंतर ती आणि तात्या यांच्यात बोलणे फक्त कामापुरते उरले. मीही तात्यांवर चिडलो. लोकांना बोलायला जागा देतात म्हणून. एकदा तर आखाड्यावर जाऊन मी त्यांना सुनावले. ते काही बोलले नाहीत. बैलाच्या पाठीवरून हात फिरवीत राहिले.

मंडळी, या सगळ्या काळात ती गाथा माझ्या वहीत होती. तीस पावलांवर, माळ्यावरच्या ट्रंकेत. पण मला ती आठवली नाही. कविता पाठ असणे वेगळे आणि वेळेला आठवणे वेगळे.

१९९९ च्या वैशाखातली रात्र. वीज गेलेली. कंदील लावून सगळे ओसरीवर बसलो होतो. माझी थोरली मुलगी तेव्हा सातवीत होती. तिने माळ्यावरची माझी जुनी वही शोधून काढली होती आणि 'बाबांच्या कविता' म्हणून मोठ्याने वाचत होती. वाचता वाचता ती त्या गाथेवर आली. खाली मी मराठीत अर्थ लिहून ठेवला होता, तो तिने वाचला. त्या दिवशी तात्या लवकर आले होते. ओसरीच्या टोकाला घोंगडीवर आडवे झाले होते. आम्हाला वाटले झोपले.

मुलीने विचारले, "बाबा, काम नाही तर तो घरी का जात नाही?"

भाऊ म्हणाला, "कामाचा माणूस तो. त्याला शेत सुटत नाही."

आमचा एक भाचा सुट्टीला आला होता. तो पोरवयाचा. पटकन म्हणाला, "घरी सुनेशी पटत नसेल त्याचं."

कंदिलाच्या उजेडात मला माझ्या बायकोचा चेहरा दिसला. ती रागावेल असे वाटले. पण ती शांतपणे म्हणाली, "त्या कवितेत सून कुठं आहे? पुन्हा वाच गं."

मुलीने पुन्हा वाचले. सून नव्हती. भांडण नव्हते. जेवणाचा उल्लेखसुद्धा नव्हता. होती ती वारलेली बायको आणि सुने घर. आणि आणखी एक गोष्ट होती, जी इतक्या वर्षांत मी डोळ्यांआड केली होती. शेतात काम नव्हते. गाथेने ते मुद्दाम सांगितले आहे. काम असते तर तो साधा कष्टाळू शेतकरी झाला असता, आणि कविता झालीच नसती. काम नाही, तरी तो जात नाही, यातच सगळे आहे.

मग माझ्या डोक्यात लख्ख झाले. वैशाख चालू होता. ज्वारी निघून कडब्याच्या गंजी लागल्या होत्या. नांगरट होऊन ढेकळे तापत पडली होती. विहिरीला पाणी नव्हते, म्हणजे भिजवायचेही काही नव्हते. आमच्याही शेतात त्या महिन्यात काम नव्हते. तात्या रोज जे "काम होतं" म्हणत होते, ते काम कुठले?

बायको हळूच म्हणाली, "घर सुनं म्हणजे माणसं नाहीत असं नसेल. माणसं असतील. पण तिच्या जागी कुणी बसू शकत नाही. त्यात बाकीच्यांचा दोष नाही." हे ती कवितेविषयी बोलली. पण तिचा सहा महिन्यांचा सल त्यात निघून गेला, हे मला कळले.

इतक्यात ओसरीच्या टोकावरून आवाज आला. तात्या झोपले नव्हते. ते म्हणाले, "त्या बाबाला बोलवायला कुणी गेलं न्हाई का?"

कुणी काही बोलेना. मग आम्हा भावांना एकदमच आठवले. आई रोज संध्याकाळी वेशीबाहेरच्या बांधापर्यंत जायची आणि तिथून हाक मारायची. तात्यांचे नाव घ्यायची नाही. "अहो, दिवा लागला!" एवढेच. आम्ही लहानपणापासून ती हाक ऐकत होतो, म्हणून ती कधी ऐकू आली नव्हती. त्या हाकेशिवाय घरी यायचे कसे, हे तात्यांना ठाऊक नव्हते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तशी वेळच आली नव्हती.

आता पाहा ताई, एकाच दोन ओळी, आणि आम्ही किती जणांनी किती तऱ्हांनी वाचल्या. वीस वर्षांचा मी तिच्यात प्रेमाची गोडी वाचली. भावाने कष्ट वाचले. भाच्याने गावची कुजबुज वाचली. बायकोने स्वतःची सुटका वाचली. आणि ज्याच्यावर ती वेळ आली होती, त्याने तर दुःखाकडे पाहिलेच नाही. त्याने न आलेली हाक वाचली. गाथेत हाकेचा शब्द नाही. पण ती हाक तिथे बसते. बळजबरीने बसवावी लागत नाही.

असे होणे हे काही आपल्या अडाणीपणाचे लक्षण नव्हे. मोठमोठे पंडितही याच वाटेने गेले आहेत. याच ग्रंथातली सुरुवातीची एक गाथा घ्या. साळीची शेते पिकून पांढुरकी होत आहेत आणि एक मुलगी मान खाली घालून रडते आहे. दुसरी तिला म्हणते, रडतेस कशाला, ताग बघ कसा पिवळ्या फुलांनी नटला आहे. आपल्यासारख्याला प्रश्न पडेल, पीक हाताशी आले तर रडायचे कशाला? जुने टीकाकार सांगतात, की साळीचे उभे शेत ही तिची आपल्या माणसाला भेटण्याची आडोशाची जागा होती. कापणी झाली की तो आडोसा जाणार. मैत्रीण सांगते, ताग अजून उभा आहे. हे गाथेत कुठेही उघड लिहिलेले नाही. कोण कोणाला बोलते, हेसुद्धा टीकाकारांनीच सांगायचे. शेताची ओळख असलेल्या माणसाला ते लगेच पटते, कारण साळीची कापणी झाली की शिवार किती उघडे पडते, हे त्याने पाहिलेले असते.

नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन नावाचा थोर पंडित होऊन गेला. शब्दाने जे सांगितले त्याच्या मागे न सांगितलेला अर्थ उभा असतो, आणि काव्याचा जीव त्या मागच्या अर्थात असतो, असे त्याने 'ध्वन्यालोक' या ग्रंथात मांडले. ते पटवून द्यायला त्याने आपल्या गोदाकाठच्या या प्राकृत गाथांचेही दाखले घेतले. काश्मीरचा पंडित आणि पैठणकडचा नांगऱ्या असे एका ओळीत येऊन बसले. आणि त्यानंतरच्या पंडितांनी त्या अर्थांवरून शेकडो वर्षे वाद घातले.

आणखी एक गाथा तिसऱ्या शंभरात आहे. नवरा परगावी निघून गेला आहे. बायको म्हणते, आज गेला, आणि भिंतीवर एक रेघ ओढते. पुन्हा म्हणते, आज गेला, पुन्हा रेघ. अर्धा दिवस सरण्याआधी भिंत रेघांनी भरून गेली. ही गाथा मी एका मेळाव्यात सांगितली, तेव्हा पुढे बसलेली तरुण मुले खदखदून हसली. मागे एक बाई पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. नंतर कळले, त्यांचा मुलगा सैन्यात होता. दोघांचेही बरोबर होते. रेघा हसू येण्यासारख्याच आहेत. पण ज्याने कधी रेघा ओढल्या, त्याला हसू येत नाही.

विरहाच्या कवितेचे हे वैशिष्ट्य आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या विराण्या घ्या. कृष्णाच्या भेटीसाठी तळमळणाऱ्या स्त्रीच्या तोंडी त्या आहेत. देवळात ऐकणारा वारकरी त्यांत देवाची ओढ ऐकतो. तीच विराणी रेडिओवर लागली, की माहेर तुटलेली बाई आणि जोडीदार गमावलेला माणूस आपापली ओढ ऐकतात. कुणीही दुसऱ्याची ओढ हिसकावून घेत नाही.

अलीकडच्या काळातले उदाहरण द्यायचे तर कवी अनिल यांचे. त्यांचे खरे नाव आत्माराम रावजी देशपांडे, जन्म मूर्तिजापूरचा. 'अजुनी रुसून आहे' ही त्यांची कविता कुमार गंधर्वांच्या आवाजात घराघरांत पोचली. रुसलेली, अबोला धरून बसलेली प्रिया आणि तिची समजूत घालणारा माणूस, असे ते गाणे. नवी जोडपी ते हसून ऐकतात. पण एक गोष्ट लोकांत फिरत असते, की पत्नी कुसुमावती गेल्या तेव्हा कवीने हे लिहिले, आणि तो अबोला मरणाचा आहे. कुसुमावतीबाई स्वतः मोठ्या लेखिका होत्या. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्या जागी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या वारल्या. ही गोष्ट कानांवर पडल्यावर तेच गाणे ऐकताना अंगावर काटा येतो. पण गाणे नीट ऐका. त्यात मरणाचा एकही शब्द नाही. शब्द रुसव्याचेच आहेत. ज्याच्या घरात तसा कायमचा अबोला पडला आहे, तो तिथे मरण ऐकणार, आणि ते शब्द त्याला आडवे येणार नाहीत. ज्याच्या घरात रुसवा संध्याकाळपर्यंत मिटणार आहे, तो रुसवाच ऐकणार. मात्र "हे मरणाचेच गाणे आहे, तुला कळले नाही" असे एकाने दुसऱ्याला दटावणे काही बरोबर नाही. गाईडाने केले ते हेच.

तर मग कवितेचा वाटेल तो अर्थ काढावा का? तसेही नाही, मंडळी. शेत आपले असले तरी बांध पाहूनच नांगर धरावा लागतो. कवितेचे शब्द हे तिचे बांध. आमच्या भाच्याने गाथेत सून आणून बसवली, तेव्हा बांध फुटला. भावाने कामाची हाव म्हटले, तेव्हाही फुटला, कारण काम नव्हते असे गाथाच सांगते. हे दोन्ही अर्थ कवितेतून आलेले नव्हते. आमच्या मनात आधीपासून जे ठरले होते, तेच आम्ही तिच्यावर लादत होतो. आणि गंमत अशी, की घरातल्या जिवंत माणसावरही आम्ही तेच लादत होतो. कवितेला निदान पुन्हा वाचता आले. तात्यांना आम्ही सहा महिन्यांत एकदाही पुन्हा वाचले नव्हते.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. आधी शब्द दोनदा वाचावेत. काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, हे वेगळे करावे. मग जे लिहिलेले नाही तिथे आपले मन जाऊन बसले, तर बसू द्यावे. ताई, तुम्ही भाकरी थापताना ज्या ओळी ऐकल्या, त्यांत दूर गेलेल्या माणसासाठी जीव तुटणे असेल, तर तुमची लेक तिथे खुशाल येऊ शकते. परीक्षेत मुलाने कवीने कोणाला उद्देशून लिहिले ते लिहावे. ते खरेच आहे आणि ते माहीत असलेच पाहिजे. पण तुमचे डोळे भरून आले, त्याला चुकीचा अर्थ म्हणत नाहीत. तुमच्या मुलाला हे पान वाचून दाखवा. त्याचा अर्थ छापलेला आहे, तुमचा अनुभवलेला आहे. एका घरात दोन्ही नांदू शकतात.

आता आमच्या घरी पुढे काय झाले ते सांगून थांबतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणाला न सांगता माझी मुलगी बांधापर्यंत गेली आणि ओरडली, "आजोबा, दिवा लागला!" त्या दिवशी तात्या आले नाहीत. मुलगी हिरमुसली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी ते तिच्या पुढे चालत घरी आले. काही बोलले नाहीत. माझ्या बायकोने पाट मांडला. त्यांनी जेवता जेवता तिला म्हटले, "सूनबाई, कालवण चांगलं झालंय." सहा महिन्यांत पहिल्यांदा. ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

सगळे पूर्ववत झाले असे मी म्हणणार नाही. अधूनमधून ते आखाड्यावर राहतच. पण आता आम्ही त्याचा अर्थ लावीत बसत नसू. मुलीची शाळा मोठी झाली तसा भाऊ हाक मारायला जाऊ लागला, मग भावाची मुले. तात्या अकरा वर्षांनी गेले, त्यांच्या अंथरुणावर, भरल्या घरात.

परवा पुन्हा ती वही काढली होती. आता माझे वय तात्यांच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आले आहे. या खेपेला मला गाथेत आणखी एक माणूस दिसला, जो तोवर दिसला नव्हता. काही अभ्यासक म्हणतात, या गाथा नागर लोकांनी खेड्याकडे लांबून पाहून रचल्या. तसे असेलही. पण कुणीतरी वाटेने जाताना दिवसभर मोकळ्या शेतात बसून राहिलेला तो शेतकरी पाहिला. त्याला आळशी म्हटले नाही, हावरा म्हटले नाही. याचे काम तर संपले आहे, मग हा जात का नाही, असे त्याने स्वतःला विचारले, आणि उत्तर मिळेपर्यंत तो थांबला. आम्ही त्याच घरात राहून जे केले नाही, ते त्या परक्या माणसाने केले.

तुमच्या घरी आज रात्री जेवणे झाल्यावर ही गाथा सांगून पाहा. मुलांना आधी विचारा, घरातल्या सर्वांत वडील माणसाला शेवटी. कोणी काय अर्थ सांगितला ते आम्हाला अवश्य कळवा. पोस्टकार्डावर मावेल एवढेच लिहिले तरी चालेल. आणि तुमच्या शिवारात काम नसताना उशिरापर्यंत कुणी बसलेले दिसले, तर जाता जाता एक हाक मारा.

पुढच्या आठवड्यात भेटूच. रामराम.